चारशे दालेरांचा हिशेब

घरातील कॉलेजात शिकणारा मुलगा एके दिवशी म्हणाला की, "पुढील वर्ष मी गावाबाहेरच्या माळावरील गवतांचा अभ्यास करण्यात घालविणार आहे, आणि त्यासाठी कोठे थोडे द्रव्यसाहाय्य मिळते काय ते पाहतो," तर वडील मंडळी काय म्हणतील हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. गवत ते गवत. ते गुरांनी खावे. माणसाने वर्षभर त्याकडे पाहत बसावे, आणि दुसऱ्या कोणी त्याचा खर्च सोसावा, असे त्यात काय आहे? दूरदेशीची एखादी दुर्मिळ वनस्पती शोधून आणावयाची असती, तर गोष्ट निराळी. परंतु जी पायाखाली तुडविली जाते, जिला घरची मोलकरीणही ओळखते, तिच्यासाठी पैसा वेचणे ही उधळपट्टी नव्हे काय?

हा आक्षेप मूर्खपणाचा आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या पदरचा पैसा जावयाचा, त्याने मोबदल्याचा विचार करावा हे न्याय्यच होय. म्हणूनच या आक्षेपास उपदेशाने उत्तर न देता एका जुन्या हिशेबाने द्यावे, असे आम्ही योजिले आहे. हा हिशेब स्वीडन देशातील उप्साला येथल्या एका लहानशा विद्वत्संस्थेचा आहे. साल १७३२. रक्कम चारशे दालेर. आणि तीही चांदीची नव्हे, तांब्याची. त्या काळी तांब्याचे तीन दालेर तेव्हा चांदीचा एक होत असे. म्हणजे दान मोठे नव्हते. ते ज्यास मिळाले तो एक विद्यार्थी होता, आणि ज्या कामासाठी मिळाले ते काम स्वदेशाच्याच एका उपेक्षित कोपऱ्यातील झाडेझुडपे पाहून येण्याचे होते.

प्रथम ही संस्था कशी निघाली ते पाहू. १७१० साली प्लेगच्या साथीमुळे उप्सालाच्या विद्यापीठातील अध्यापन बंद पडले. रिकामपणी काय करावे, असा प्रश्न पडलेल्या काही प्राध्यापकांस तेथील ग्रंथपाल एरिक बेन्झेलिउस यांनी एकत्र आणले, आणि जिज्ञासूंचे एक मंडळ सुरू झाले. त्याच मंडळास पुढे १७२८ मध्ये राजसनद मिळून ते 'राजकीय विज्ञानसंस्था' झाले. तो काळ स्वीडनच्या उतरत्या वैभवाचा होता. रशियाशी झालेल्या दीर्घ युद्धाचा शेवट १७२१ च्या तहाने झाला, आणि बाल्टिक समुद्रापलीकडील प्रांत हातचे गेले. बाहेरचे गेले तेव्हा घरात काय आहे याची आठवण झाली. आपल्या डोंगरांत कोणती खनिजे आहेत, कुरणांत कोणत्या औषधी आहेत, परदेशातून विकत आणावा लागणारा रंग आपल्याच एखाद्या मुळीतून निघेल काय, असे प्रश्न विचारी लोक विचारू लागले. गरज ही शोधाची जननी असे म्हणतात. येथे मानहानी ही शोधाची मावशी झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

या घरातील सर्वांत अंधारी खोली म्हणजे उत्तरेकडील लॅपलंड. तेथे सामी लोक रेनडिअरांचे कळप घेऊन डोंगरांतून फिरत. त्या प्रदेशात शास्त्रीय शोधासाठी पूर्वी कोणी गेलेच नव्हते असे नाही. १६९५ मध्ये राजे अकरावे कार्ल यांच्या आज्ञेने धाकटे ओलोफ रुडबेक तेथे जाऊन आले होते. परंतु १७०२ साली उप्साला शहरास भयंकर आग लागली, आणि त्यांच्या प्रवासाचे बहुतेक सर्व साहित्य तिच्यात भस्मसात झाले. त्यानंतर सुमारे तीस वर्षे रुडबेक विद्यापीठात शिकवीत राहिले. पण त्यांनी जे पाहिले होते ते आता केवळ त्यांच्या तोंडी उरले होते. ज्या ज्ञानाचा दुसरा वारस झाला नाही, त्याची गती अशीच व्हावयाची.

त्या ज्ञानास वारस मिळाला तो एका दरिद्री विद्यार्थ्याच्या रूपाने. कार्ल लिनियस हा स्मोलांड प्रांतातील एका धर्मोपदेशकाचा मुलगा. बापास बागेचा छंद होता, तो मुलास लागला. शाळेतील शिक्षकांनी बापास बोलावून सांगितले की, हा मुलगा धर्मोपदेशकाच्या विद्येस निरुपयोगी आहे. त्याच शाळेतील योहान रोथमान नावाच्या वैद्यशिक्षकांनी त्यास घरी ठेवून घेतले, वैद्यक व वनस्पतिशास्त्र यांची गोडी लाविली, आणि तो शिक्षणातून उठला नाही. १७२८ मध्ये तो उप्सालास आला. घरून मिळालेली पुंजी वर्षभरात संपली. जोड्यांचे तळ झिजले तेव्हा त्यांत कागद घालून तो चालत असे, अशी त्याची स्वतःचीच आठवण आहे. आमच्याकडे वार लावून जेवलेल्या आणि रस्त्यावरील दिव्याखाली बसून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी ज्यांनी घरोघरी ऐकल्या आहेत, त्यांस हे चित्र परके वाटणार नाही.

१७२९ च्या वसंतात विद्यापीठाच्या बागेत तो फुले पाहत बसला असता, कॅथीड्रलचे वृद्ध डीन ओलोफ सेल्सियस तेथून चालले होते. तेही वनस्पतींचे नादी. त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले. उत्तरे ऐकून ते थक्क झाले, आणि त्यांनी त्यास आपल्या घरी आश्रय दिला. पुढे रुडबेक यांनीही त्यास आपल्या मुलांचा शिक्षक नेमिले व बागेत विद्यार्थ्यांस वनस्पती दाखविण्याचे काम दिले. रुडबेक यांच्या घरी लॅपलंडच्या गोष्टी निघत असत. जळून गेलेल्या कागदांतील मजकूर म्हातारा गुरू सांगत होता आणि तरुण शिष्य ऐकत होता.

१७३१ च्या डिसेंबरात लिनियसाने विज्ञानसंस्थेकडे अर्ज केला. आजकाल असे अर्ज कसे लिहावे याचे छापील नमुने मिळतात. त्या काळी ती सोय नव्हती. म्हणून त्या अर्जातील युक्तिवाद मुद्दाम पाहण्यासारखा आहे. लॅपलंडाविषयी आपणांस किती थोडे ठाऊक आहे हे त्याने प्रथम दाखविले. नंतर तेथे जाणारा मनुष्य कसा असावा ते सांगितले: तो स्वदेशी असावा, तरुण व चपळ असावा, म्हणजे कडे चढण्यास व दऱ्या उतरण्यास भिणार नाही; त्याची प्रकृती धट्टीकट्टी असावी; त्यास सृष्टिज्ञान व वैद्यक दोन्ही यावीत; आणि संसाराचे पाश त्याच्यामागे नसावेत. असा मनुष्य कोण, हे संस्थेने ओळखावयाचे होते. आणि ते ओळखण्यास मोठी बुद्धिमत्ता लागत नव्हती. खर्चाचा अंदाज त्याने सहाशे तांब्याचे दालेर असा दिला. १७३२ च्या एप्रिलात मंजुरी आली, ती चारशेंची. अर्जदाराने मागावे सहाशे आणि दात्याने द्यावे चारशे, हा व्यवहार देशकालनिरपेक्ष आहे असे दिसते.

त्या वर्षीच्या मे महिन्याच्या १२ तारखेस, तेथील जुन्या पंचांगाप्रमाणे, आपल्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तो निघाला. त्याच्या सामानाची यादी त्याने स्वतः लिहून ठेविली आहे. अंगात साधा कोट, चामड्याची विजार, डोक्यास हिरव्या चामड्याची टोपी. लहानशा कातडी पिशवीत एक सदरा आणि थोडे किरकोळ कपडे, दौत, लेखण्या, सूक्ष्मदर्शक भिंग, दुर्बीण, डासांपासून तोंड वाचविण्यास जाळी, फणी, रोजनिशी, वनस्पती दाबून वाळविण्यासाठी शिवलेले कागद, आणि स्वतःच्या हस्तलिखितांची बाडे. कमरेस लहान तलवार, घोड्याच्या खोगिराशी बंदूक, आणि हाती मापांच्या खुणा केलेली अष्टकोनी काठी. चारशे दालेरांत याहून अधिक काय येणार?

प्रवासाचे सविस्तर वर्णन करण्याचे हे स्थळ नव्हे. बोथ्नियाच्या आखाताच्या काठाकाठाने तो उत्तरेस गेला, आणि अधूनमधून आत शिरला. लुक्सेले गावाच्या पलीकडे बर्फ वितळून झालेल्या दलदलीत तो असा फसला की, पाय ठेवील तेथे गुडघाभर गार पाणी. वाटाड्या सामी मदत आणावयास गेला, तो एका सामी स्त्रीस घेऊन आला. या परक्या मनुष्याची दशा पाहून तिला दया आली. पुढे वाट नाही हे तिने सांगितले, आणि तिच्याजवळील रेनडिअरच्या दुधाचे थोडे चीज विकत घेऊन त्याने भूक भागविली. तेथून त्यास माघारी फिरावे लागले. जुलैत तो क्विक्योक येथून उंच डोंगरांवर चढला, तेव्हा मात्र सर्व श्रमांचे सार्थक झाले. पायाखालची बहुतेक प्रत्येक वनस्पती नवी. किती वेचू आणि कोठे ठेवू, अशी त्याची अवस्था झाली. डोंगर ओलांडून तो नॉर्वेच्या समुद्रकाठापर्यंत गेला, परत आला, आणि आखातास वळसा घालून फिनलंडच्या किनाऱ्याने १० ऑक्टोबरास उप्सालास पोचला. पाच महिने आणि दोन हजार किलोमीटरांहून अधिक वाट झाली होती.

या प्रवासातील एक प्रसंग मात्र सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण "गवताकडे पाहून काय मिळते?" या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. आज फिनलंडात असलेल्या टोर्निओ या गावी दर वसंतात पुष्कळ गुरे मरत. हिवाळाभर गोठ्यात बांधलेली जनावरे बर्फ वितळल्यावर कुरणात सोडली की, पोट फुगून तडफडून प्राण सोडीत. लोकांस वाटे काही रोग असावा. लिनियसाने रोगी जनावराकडे पाहण्याऐवजी कुरणाकडे पाहिले. पाणथळ जागी त्यास कोथिंबिरीच्या कुळातील एक अत्यंत विषारी वनस्पती दिसली. शास्त्रात तिला सिकुटा व्हिरोझा म्हणतात. हिवाळाभर कोरड्या चाऱ्यावर राहिलेली गुरे हिरवे दिसेल त्यावर तुटून पडत, आणि हे मूळ त्यांच्या पोटात जाई. थोडी मजुरी देऊन ती झाडे उपटवून टाकावीत, एवढाच उपाय त्याने सुचविला. त्या कुरणातून पिढ्यान्पिढ्या लोक चालत होते. ती वनस्पती त्यांच्या डोळ्यांपुढे होती. डोळ्यांपुढे असणे आणि दिसणे यांत केवढे अंतर आहे, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस आठवत नाही.

याची दुसरी बाजूही न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. जे लिनियसास दिसले ते सर्व त्याच्या एकट्याच्या दृष्टीचे नव्हते. शेवाळ वाळवून पाळण्यात बाळाखाली कसे घालावे, थंडीत पाय उबदार राहावेत म्हणून जोड्यांत कोणते गवत भरावे, कोणत्या पानांनी दूध दाट होऊन टिकते, कोणत्या शेवाळाची गादी करून उघड्यावर निजता येते, हे सारे त्यास सामी स्त्रीपुरुषांनी दाखविले. त्यांच्या दृष्टीने हे शास्त्र नव्हते, रोजचा संसार होता. त्याने ते टिपून घेतले आणि पुढे ग्रंथात छापले. विज्ञानसंस्थेच्या चारशे दालेरांतून या गुरूंना गुरुदक्षिणा म्हणून काही मिळाले असेल तर ते वाटाड्याच्या मजुरीपुरते आणि चीजाच्या किमतीपुरते. त्या ग्रंथाने ज्याचे नाव जगभर झाले, त्याच्या शिक्षकांपैकी बहुतेकांची नावेही उरली नाहीत. पुढे हॉलंडात त्याने सामी पोशाख घालून आपले चित्र काढवून घेतले. ते चित्र प्रसिद्ध आहे. पोशाख राहिला, पोशाखाचे धनी राहिले नाहीत.

आता हिशेबाकडे वळू. परत आल्यावर त्याने संस्थेस प्रवासाचा वृत्तान्त व खर्चाचा तपशील सादर केला. नंतरच्या काळात अभ्यासकांनी रोजनिशीतील तारखा आणि त्याने सांगितलेल्या मजला ताडून पाहिल्या, तेव्हा काही मजला प्रत्यक्षात झाल्याच नसाव्यात, असे त्यांच्या ध्यानात आले. मागितलेल्यापेक्षा दोनशे कमी मिळाले होते. ती तूट त्याने कागदावर चालून भरून काढली असावी, असा तर्क करण्याचा मोह होतो. या गोष्टीवर आम्ही पांघरूण घालू इच्छीत नाही. थोर पुरुषाचा लबाडीचा हिशेब हाही लबाडीचाच हिशेब. परंतु इतके म्हणणे प्राप्त आहे की, जो दाता कामास लागतात त्याहून कमी पैसे देतो आणि हिशेब मात्र पुरा मागतो, तो सत्याची परीक्षा पाहत नाही. तो असत्यास आमंत्रण देतो. पुरते देणे आणि मग कडक हिशेब मागणे यात शोभा आहे. अपुरे देऊन कडक हिशेब मागण्यात दोघांचीही अप्रतिष्ठा होते.

बरे, संस्थेच्या पदरात काय पडले? रंगाची नवी मुळी सापडली नाही, सोन्याची खाण सापडली नाही. लॅपलंडच्या वनस्पतींची एक संक्षिप्त यादी तिच्या पत्रिकेत भागशः छापून आली. संस्थेच्या एखाद्या सभासदाने १७३४ साली जमाखर्च काढला असता, तर 'चारशे दालेर खर्च, काही छापील पाने जमा' असाच काढला असता. पूर्ण ग्रंथ निघाला तो पाच वर्षांनी, १७३७ मध्ये, आणि तो हॉलंडात ॲमस्टरडॅम येथे. त्याचे नाव 'फ्लोरा लॅपोनिका'. त्यात ५३४ वनस्पती असून त्यांपैकी सुमारे शंभर पूर्वी कोणी वर्णिलेल्या नव्हत्या. लिनियसाची फुलांच्या पुंकेसर व स्त्रीकेसरांवरून वर्गीकरण करण्याची पद्धत एका सबंध प्रदेशास लावून पाहण्याचा हा पहिला प्रयोग. मूळ रोजनिशीस तर छापखाना पाहावयास १८११ साल उजाडावे लागले. तेही स्वदेशी नव्हे, लंडनात, आणि इंग्रजी भाषांतराच्या रूपाने. कारण लिनियसाच्या पुत्राच्या मृत्यूनंतर १७८४ मध्ये त्याचा सर्व संग्रह जेम्स एडवर्ड स्मिथ या तरुण इंग्रजाने विकत घेऊन समुद्रापार नेला होता. चारशे दालेरांच्या हिशेबातील एक रक्कम अशी एकोणऐंशी वर्षांनी जमा झाली.

परंतु सर्वांत मोठी जमा कोणत्याही वहीत दिसणारी नाही. १७४१ साली लिनियस उप्सालास प्राध्यापक झाले. आता त्यांचा उल्लेख आदरार्थी बहुवचनी करणे आम्हांस उचित आहे. ज्यास एकदा विश्वासाने पैसा मिळाला, त्याने तो विश्वास पुढे कसा वाटला, हे यापुढील भागात दिसते. तत्पूर्वीच, १७३४ मध्ये, दालार्ना प्रांताचे गव्हर्नर निल्स रॉयटरहोल्म यांनी स्वखर्चाने त्यांस आपला प्रांत पाहावयास पाठविले होते. त्या वेळी त्यांनी बरोबर सात विद्यार्थी नेले आणि प्रत्येकास एकेक विषय वाटून दिला. एकाने दगड पाहावे, एकाने वनस्पती, एकाने प्राणी, एकाने लोकांच्या चालीरीती. १७४१ मध्ये राष्ट्राच्या प्रतिनिधिसभेच्या आज्ञेने ते ओलांड व गोटलांड या बेटांवर गेले. तेव्हाही सहा तरुण बरोबर होते. पुढे वेस्टरयोटलांड आणि स्कोने या प्रांतांचीही पाहणी झाली. रंग, औषधे, चारा यांसाठी आपल्याच देशात काय आहे, हा एकच प्रश्न या सर्व यात्रांचे मूळ होता. १७४५ मध्ये निघालेला 'फ्लोरा स्वेसिका' हा स्वदेशी वनस्पतींचा ग्रंथ त्या परिश्रमांचे फळ होय.

या विद्यार्थ्यांच्या कामापैकी एक काम विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. १७४९ मध्ये निकोलाउस हेसेलग्रेन या विद्यार्थ्याने 'पान स्वेसिकस' नावाचा प्रबंध विद्यापीठात मांडला. पान हा ग्रीक लोकांचा गुराख्यांचा देव. स्वदेशी वनस्पतींपैकी कोणती गाय खाते, कोणती शेळी, कोणती मेंढी, कोणती घोडा आणि कोणती डुक्कर, याचे दोन हजारांहून अधिक प्रयोग विद्यार्थ्यांनी कुरणांतून हिंडून केले होते. त्यांचा हा तक्ता. आमच्या लेखाच्या आरंभीचे वडीलधारे गृहस्थ येथे हसतील. गाय काय खाते हे गुराख्यास विचारावे, त्यास विद्यापीठ कशाला? पण गंमत पाहावी ती येथेच. त्या काळी वनस्पतीचे शास्त्रीय नाव म्हणजे लॅटिनमधील एक लांबलचक वर्णनवाक्य असे. कुरणात उभे राहून, जनावर एका झाडावरून दुसऱ्यावर तोंड टाकीत असता, प्रत्येक वेळी ते वाक्य लिहावे कसे? म्हणून कुळाचे एक नाव व जातीचे एक नाव, असा दोनच शब्दांचा आटोपशीर संकेत वापरण्यात आला. वनस्पतींना दोन शब्दी नावे सरसकट लावण्याचा उपक्रम याच प्रबंधात प्रथम दिसतो. १७५३ मध्ये 'स्पीशीज प्लांटारम' या महाग्रंथात लिनियस यांनी हीच रीत सर्व ज्ञात वनस्पतींस लाविली, आणि आज जगातील प्रत्येक शास्त्रज्ञ ती पाळतो. आपल्या पिंपळास 'फायकस रिलिजिओझा' आणि वडास 'फायकस बेंगालेन्सिस' म्हणतात, त्या नावांची घडण स्वीडनमधील गुरांमागे हिंडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या टिपणवहीत झाली आहे. गवताकडे पाहून काय मिळते, याचे हे दुसरे उत्तर.

हे चित्र सर्वस्वी उजळ आहे असे मात्र वाचकांनी समजू नये. लिनियस यांच्या अध्यक्षतेखाली असे १८६ प्रबंध मांडले गेले. त्यांच्या छपाईचा भार मात्र विद्यार्थ्यावरच पडे. प्राध्यापकांची कीर्ती आणि विद्यार्थ्याचे कर्ज अशी ती वाटणी होती. दूरदेशी गेलेल्या शिष्यांची कथा तर याहून करुण आहे. पहिला शिष्य क्रिस्टोफर टर्नस्ट्रोम पूर्वेकडे जात असता १७४६ मध्ये एका परक्या बेटावर मरण पावला. त्याच्या विधवेने गुरूस दोष दिला की, तुम्ही माझी मुले पोरकी केलीत. तेव्हापासून लिनियस अविवाहित तरुणच पाठवू लागले. 'संसाराचे पाश नसावेत' हे आपल्या तरुणपणच्या अर्जातील वाक्य त्यांस किती कडू होऊन परत मिळाले! फ्रेडरिक हासेलक्विस्ट हा दुसरा शिष्य पॅलेस्टाइन वगैरे देश पाहून १७५२ मध्ये स्मर्ना शहराजवळ वारला, तेव्हा तो कर्जात बुडालेला होता. सावकारांनी त्याचा सर्व संग्रह अडकवून ठेविला. राणी लोव्हिसा उल्रिका यांनी कर्ज फेडले, म्हणून तो संग्रह सुटला, व १७५७ मध्ये गुरूंनी शिष्याचा प्रवासग्रंथ प्रसिद्ध केला. जिवंतपणी जे पैसे मिळते तर कदाचित मनुष्य वाचता, ते मेल्यावर त्याच्या वस्तूंसाठी दिले गेले. अपुऱ्या दानाची किंमत कधी कधी खोट्या मजलांनी फिटते, आणि कधी प्राणांनी.

या दूरदेशीच्या कथेशी आमचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो पिंपळाच्या पानाइतका जवळचा आहे. उप्सालास बसून लिनियस यांनी हिंदुस्थानातील वनस्पतींस नावे दिली, ती बहुतांशी ग्रंथांच्या आधाराने. त्यांतील एक मुख्य ग्रंथ म्हणजे डच अधिकारी व्हान ऱ्हेडे यांनी मलबारात तयार करविलेला आणि ॲमस्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ पर्यंत बारा खंडांत छापलेला 'होर्तुस मलबारिकुस'. त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन् या मलबारी वैद्याच्या प्रशस्तीबरोबर रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोचीनच्या तिघा कोंकणी ब्राह्मणांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र आहे. ते नागरी अक्षरांत असून भाषा कोंकणी आहे. आपण या कामी दोन वर्षे खपलो, असे ते तिघे सांगतात. गोमंतक सोडून दक्षिणेस गेलेल्या समाजातील या तीन वैद्यांच्या मुखातून निघालेली माहिती ॲमस्टरडॅमच्या छापखान्यातून उप्सालास पोचली. लॅपलंडातील सामी स्त्रियांची नावे राहिली नाहीत. या तिघांची राहिली, याचे कारण व्हान ऱ्हेडे यांनी त्यांस आपल्या हाताने लिहू दिले. ज्ञान देणाऱ्याचे नाव ज्ञानाबरोबर छापावे, यास एकही दालेर अधिक पडत नाही.

उप्सालाची ती विज्ञानसंस्था आजही आहे. १७३२ मध्ये ज्यांनी मंजुरीवर सही केली, त्यांनी कोणती गोष्ट पाहून पैसे दिले असतील? फळ पाहून नव्हे. ते कोणासच दिसत नव्हते. त्यांनी मनुष्य पाहिला. बागेत बसलेल्या भुकेल्या विद्यार्थ्यास सेल्सियस यांनी दोन प्रश्न विचारले होते, रुडबेक यांनी आपली जळालेली वही त्याच्या कानांत पुन्हा लिहिली होती. या दोन वृद्धांची ओळख हेच त्या अर्जाचे खरे शिफारसपत्र. अनुदान देण्याच्या कलेतील सर्वांत कठीण भाग पैसा जमविणे हा नसून, आपल्या बागेत कोण बसला आहे हे पाहण्यास थांबणे हा आहे.

म्हणून आरंभीच्या त्या मुलाने पुन्हा गवताची गोष्ट काढली, तर आमच्या वाचकांनी त्यास निदान दोन प्रश्न विचारावेत. कोणते गवत? आणि त्याविषयी गुराखी काय सांगतो? उत्तर देताना त्याच्या डोळ्यांत जर तेज दिसले, तर वडिलांनी, गावच्या संस्थेने, कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांनी, ज्यास जे शक्य असेल त्याने, त्यास लागतात तितके पैसे द्यावेत. सहाशे लागत असतील तर चारशे देऊ नयेत. हिशेब अवश्य मागावा. मात्र त्या वहीचे शेवटचे पान आपल्या हयातीत लिहिले जाईल, अशी अट घालू नये. माळावरचे गवत दर पावसाळ्यात उगवते, असे आपण धरून चालतो. परंतु माळच राहिला नाही तर ते कोठे उगवणार? ज्यास नाव नाही, ते गेले तरी त्याचे सुतक कोणी पाळीत नाही.